विचारा की! या वेळी सबकुछ ऑस्कर वाइल्ड

गेल्या अंकात एका वाचकाला डाएटबद्दल उत्तर देताना मी ऑस्कर वाइल्डचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या आयरिश नाटककाराचं, एक वाक्य टाकलं होतं, मोह सोडला तर बाकी कशालाही मी दाद देत नाही हे, आणि त्यावर एवढे मेल आलेत की डाएटवाल्या बिचाऱ्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. तर घ्या, या वेळी फक्त वाइल्ड.

ताई, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सुविचार येतो आणि दर दोन दिवसांनी खाली नाव ऑस्कर वाइल्डचं. "तुम्ही तुम्हीच व्हा, बाकी सगळ्यांच्या जागा भरल्यात" हे खरंच त्याचं आहे का? (एक वाचक, नाशिक)

नाही हो. त्याच्या नाटकांत, निबंधांत, पत्रांत कुठेच हे वाक्य नाही, पण टी-शर्टवर, मगवर, ऑफिसच्या भिंतीवर सगळीकडे त्याच्या नावाने खपतंय. तसंच ते अमेरिकेच्या कस्टमवाल्याला सांगितलेलं, "माझ्याकडे जाहीर करण्यासारखं फक्त माझं प्रतिभासामर्थ्य आहे". १८८२ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा पत्रकारांनी त्याला अक्षरशः घेरलं होतं, अटलांटिक समुद्राने आपली निराशा केली असं तो म्हणाला तेही त्यांनी छापलं, पण हे कस्टमचं वाक्य त्या बातम्यांत नाही, ते बऱ्याच वर्षांनी आठवणींमधून वर आलंय. बोलला असेलही, पण पुरावा नाही.

आता खऱ्या वाक्यांची गंमत ऐका. "आपण सगळेच गटारात आहोत पण काहीजण ताऱ्यांकडे बघतायत" हे त्याचंच, आणि "सिनिक म्हणजे ज्याला सगळ्याची किंमत ठाऊक आणि मोल कशाचंच नाही" हेही त्याचंच, आणि मी वापरलं ते मोहाचंही. तिन्ही एकाच नाटकातली, 'लेडी विंडरमिअर्स फॅन', १८९२. आणि तिन्ही वाक्यं म्हणणारा माणूसही एकच, लॉर्ड डार्लिंग्टन, दुसऱ्याच्या बायकोला पळून चल म्हणणारा गृहस्थ! ताऱ्यांचं वाक्य येतं तो सीन बघा. रात्र झालीये, क्लब बंद झाला म्हणून चार-पाच पुरुष डार्लिंग्टनच्या घरी येऊन सिगार ओढत बायकांबद्दल गप्पा ठोकतायत, आणि ज्या बाईवर हा प्रेम करतो ती त्याच खोलीत पडद्यामागे लपून बसलीये, तिचा नवराही त्याच खोलीत आहे, डार्लिंग्टनला स्वतःलाच ती आलीये हे माहीत नाही, आणि सोफ्यावर तिचा हातपंखा तसाच राहिलाय. प्रेक्षकाची नजर त्या पंख्यावर आणि कान या वाक्यांवर. माझं स्पष्ट मत असं की वाइल्ड या सुट्या वाक्यांच्या जोरावर टिकलाच नाही, तो टिकला तो त्या पंख्यामुळे, म्हणजे कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी कोणत्या क्षणी घालायचं याची जी जाण होती त्यामुळे. सुविचार म्हणून पाठवणं म्हणजे त्याच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त माल उचलून आणणं.

पुलंची 'ती फुलराणी' वाइल्डच्याच नाटकावरून घेतलीये ना? आमच्याकडे यावरून पैज लागलीये. (एक वाचक, डोंबिवली)

पैज हरलात. तो बर्नार्ड शॉ, नाटक 'पिग्मॅलियन'. घोटाळा व्हायला जागा आहे म्हणा, दोघेही डब्लिनचे, वयात दोन वर्षांचंही अंतर नाही, दोघेही लंडनला जाऊन इंग्रजांनाच त्यांच्या भाषेत चिमटे काढायचे. पण शॉ समजावून सांगतो, वाइल्ड कधी समजावत बसत नाही. एक गंमत सांगते, 'पिग्मॅलियन'च्या १९३८ च्या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक अँथनी अ‍ॅस्क्विथ, त्यानेच पुढे १९५२ मध्ये वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'वर सिनेमा केला, आणि १८९५ मध्ये वाइल्डवर सरकारने खटला भरला तेव्हा ब्रिटनचा गृहमंत्री कोण होता, तर याच अँथनीचे वडील. पैजेचे पैसे द्या आता.

तो खटला नेमका काय होता? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हा बातम्यांत वाइल्डचं नाव वाचल्याचं आठवतं. त्याला ३७७ खालीच शिक्षा झाली होती का? (वकिलीची एक विद्यार्थिनी, औरंगाबाद)

नाही, आणि तू वकिली शिकतेस म्हणून जरा सविस्तर सांगते. ३७७ हे आपल्या १८६० च्या दंडसंहितेतलं होतं, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. वाइल्डला लागला तो इंग्लंडचा १८८५ चा फौजदारी दुरुस्ती कायदा, कलम ११, पुरुषापुरुषांतलं 'घोर असभ्य वर्तन', जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी. दोन्ही कायदे एकाच मुशीतले पण कलमं वेगळी.

आता खटल्याचं. १४ फेब्रुवारी १८९५ ला 'अर्नेस्ट'चा पहिला प्रयोग झाला, लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात, तुफान हशा. त्याचं आणखी एक नाटक 'अ‍ॅन आयडियल हजबंड' आधीच हाउसफुल चाललेलं. म्हणजे ऐन कळसावर होता माणूस. आणि चारच दिवसांनी क्वीन्सबेरीचा मार्क्विस, वाइल्डच्या जवळच्या मित्राचा, लॉर्ड आल्फ्रेड डग्लसचा बाप, वाइल्डच्या क्लबात एक कार्ड ठेवून गेला, त्यावर समलिंगी असल्याचा आरोप, तोही चुकीच्या स्पेलिंगात. मित्रांनी सांगितलं फाडून टाक आणि फ्रान्सला जा. याने उलट मार्क्विसवरच बदनामीचा दावा ठोकला.

मार्क्विसच्या बाजूने उलटतपासणीला उभा राहिला एडवर्ड कार्सन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वाइल्डच्याच काळातला. वाइल्डने वय ३९ सांगितलं, कार्सनने जन्मतारीख काढून ४० असल्याचं दाखवून दिलं, तिथूनच सुरुवात. तरी बराच वेळ वाइल्ड भारी पडत होता, कोर्टात लोक हसत होते, थेटरातच असल्यासारखा तो बोलत होता. मग कार्सनने एका नोकर पोराबद्दल विचारलं, त्याचं चुंबन घेतलंत का? आणि वाइल्ड बोलून गेला, "छे छे, तो दिसायला फारच सामान्य होता." संपलं. कार्सन त्या वाक्याला धरून बसला, दिसायला सामान्य म्हणून नाही घेतलंत? हे कारण का दिलंत? पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाइल्डला शब्द सापडेनात. ज्या सवयीने त्याला लंडनचा लाडका केला त्याच सवयीने तो गेला, मला तरी हा प्रसंग त्याच्या सगळ्या नाटकांपेक्षा जास्त अंगावर येतो.

दावा ५ एप्रिलला मागे घेतला आणि त्याच दिवशी त्याला अटक. पहिल्या फौजदारी खटल्यात ज्युरींचं एकमत होईना, दुसऱ्यात २५ मे ला दोषी, दोन वर्षं सक्तमजुरी. त्याचं घरचं सामान त्याआधीच लिलावात गेलेलं, थेटरच्या जाहिरातींवरून नाव पुसलेलं, बायको कॉन्स्टन्सने दोन्ही मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं. तो १९०० च्या ३० नोव्हेंबरला पॅरिसमधल्या एका हॉटेलात गेला, वय ४६.

आणि तुला जे आठवतंय ते असं. पहिल्या फौजदारी खटल्यात सरकारी वकिलाने डग्लसच्या कवितेतली ओळ वाचून दाखवली, 'ज्या प्रेमाला स्वतःचं नाव सांगायचं धाडस नाही', आणि याचा अर्थ काय असं विचारलं. त्यावर वाइल्ड उभ्या उभ्या असं काही बोलला की गॅलरीतून टाळ्या पडल्या. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या निकालपत्राची सुरुवातच या ओळीपासून होते. कॉलेजात मूळ निकाल वाचायला लावतीलच, तेव्हा ते पहिलं पान नीट वाच. इंग्लंडमध्ये हा कायदा १९६७ ला सैल झाला, आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत थांबावं लागलं, आणि २०१७ मध्ये ब्रिटनने अशा जुन्या शिक्षा झालेल्या सुमारे ५० हजार जणांना माफी दिली, बरेचसे मेल्यानंतर, त्यात वाइल्डही धरतात. माफी कसली, खरं तर सॉरी म्हणायला हवं होतं, पण असो.

इंग्लंड-अमेरिकेत प्रसिद्ध आहे ते समजलं, पण त्याच्याबाहेर या माणसाचा खरोखर काही परिणाम झालाय की नुसतंच नाव? (एक वाचक, पुणे)

पुण्याहून असा प्रश्न आला नसता तरच नवल. ऐका. 'सालोमे' हे नाटक त्याने मुळात फ्रेंचमध्ये लिहिलं. १८९२ मध्ये लंडनला तालमी चालू असताना सेन्सॉरने अडवलं, का तर बायबलमधली पात्रं स्टेजवर आणायची नाहीत असा जुना नियम (आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको). पॅरिसला १८९६ मध्ये प्रयोग झाला तेव्हा लेखक तुरुंगात. पुढे बर्लिनला ते जर्मनमध्ये रिचर्ड स्ट्राउस या संगीतकाराने बघितलं आणि त्यावर ऑपेरा केला, १९०५, ड्रेस्डेन. जर्मनीचा सम्राट कैसर म्हणाला होता, या सालोमेने स्ट्राउसचं फार नुकसान होणार, त्यावर स्ट्राउस म्हणायचा की त्या नुकसानीतून मी गार्मिशला बंगला बांधला. जपानमध्ये १९०९ लाच या नाटकाचं भाषांतर आलं, तेही मोरी ओगाईसारख्या मोठ्या लेखकाने केलेलं, आणि पुढे मात्सुई सुमाको या गाजलेल्या नटीने हे नाटक स्टेजवर केलं.

चीनचं मला जास्त आवडतं. तिथे १९२४ मध्ये हुंग शन नावाच्या दिग्दर्शकाने 'लेडी विंडरमिअर्स फॅन' शांघायच्या घरात आणून बसवलं, नावंगावं सगळी चिनी, बायकांची कामं बायकांनीच करायची, रीतसर तालमी, एक दिग्दर्शक सगळं बघणार. चिनी गद्य नाटकाच्या इतिहासात तो प्रयोग टप्पा मानला जातो. म्हणजे लंडनच्या उच्चभ्रूंची टिंगल करणारं नाटक, आणि त्यातून तिकडे नव्या रंगभूमीची घडी बसली!

आणि ब्युनोस आयर्समध्ये १९१० साली 'द हॅपी प्रिन्स'चं स्पॅनिश भाषांतर पेपरात छापून आलं, भाषांतर करणारा पोरगा तेव्हा फार तर दहाचा, पुढे तो होर्हे लुईस बोर्हेस, अर्जेंटिनाचा जगप्रसिद्ध लेखक झाला. लोकांना वाटलं वडिलांनीच केलंय. बोर्हेस आयुष्यभर म्हणत राहिला की वाइल्ड बहुतेक वेळा बरोबरच असतो. पुण्याला एवढं पुरे का?

ताई, आम्ही गॅदरिंगला 'अर्नेस्ट' मराठीत करायचं म्हणतोय. जमेल का? परवानगी लागेल का? आणि एकच सीन करायचा तर कुठला? (कॉलेजचा ग्रुप, कोल्हापूर)

जमेल रे, पण एक अट आहे, ती शेवटी सांगते. मूळ नाटकाची परवानगी नाही लागत, लेखक जाऊन सव्वाशे वर्षं झाली. मात्र दुसऱ्या कुणाचं तयार भाषांतर उचललंत तर त्या भाषांतरकाराचा हक्क असतो, त्याला विचारा, नाहीतर सरळ स्वतः करा.

एकच सीन असेल तर पहिल्या अंकातला लेडी ब्रॅकनेल आणि जॅकचा. डोळे झाकून. तुमच्या प्रेक्षकाला तो फोड करून सांगावाच लागणार नाही कारण तो चक्क बघण्याचा कार्यक्रम आहे, फक्त पाटावर मुलगी नाही, मुलगा बसलाय, आणि मुलीची आई वही-पेन्सिल काढून प्रश्न विचारतेय. सिगरेट ओढता का? तो घाबरत हो म्हणतो. ती म्हणते, छान, पुरुषाला काहीतरी उद्योग हवाच. माणसाला एकतर सगळं ठाऊक असावं नाहीतर काहीच नाही, तुम्हाला काय ठाऊक आहे? तो म्हणतो, काहीच नाही. बाई खूश. मग उत्पन्न, मग घर, घराचा पत्ता चांगला पण रस्त्याची बाजू चुकीची. मग आईवडील. दोघेही गमावलेत म्हणतो बिचारा. "एक पालक गमावणं हे दुर्दैव म्हणता येईल मिस्टर वर्दिंग, दोघंही गमावणं हा निष्काळजीपणा झाला." आणि मग बाहेर येतं की तो एका हँडबॅगेत सापडलेला आहे, व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात, ब्रायटन लाइनच्या. ती म्हणते, लाइन कुठली याला महत्त्व नाही.

यातलं कुठलंच वाक्य विनोद म्हणून बोललं जात नाही हे पकडा. बाई अत्यंत गंभीर आहे, तिला जावई हवाय आणि चौकशी व्हायला हवी, बस्स. तुमची ब्रॅकनेल जर 'हँडबॅग?' म्हणताना प्रेक्षकाकडे बघून थांबली तर सगळा खेळ कोसळला. १९५२ च्या सिनेमात इडिथ एव्हान्सने तो शब्द असा काही लांबवला की नंतरच्या प्रत्येक नटीला तो कसा म्हणायचा याची धास्ती, काहीजणी तर नुसत्या पुटपुटून मोकळ्या होतात. लंडनमध्ये ही भूमिका पुरुषांनीही केलीये, डेव्हिड सूशेने २०१५ मध्ये केली, तेव्हा तुमच्यातला एखादा उंच गंभीर मुलगा असेल तर विचार करा. पण बायकी चाळे केलेत तर मी बघायला येणार नाही.

दुसरं म्हणजे खाणं. या नाटकात माणसं सारखी खातात, पहिल्या अंकात मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस जॅकचा मित्र अल्जर्नन स्वतःच फस्त करतो, दुसऱ्यात मफिनवरून भांडण. तालमीपासूनच खरं खाऊन बघा, तोंडात घास असताना वाक्य कुठे तोडायचं हे आयत्या वेळी कळत नाही.

आणि अट अशी की त्यात स्वतःच्या पदरचे चालू घडामोडींचे पंच घालायचे नाहीत. वाइल्डने स्वतः चार अंकी लिहिलं होतं, मॅनेजर-नट जॉर्ज अलेक्झांडरने कापायला लावून तीन अंकी केलं, तेव्हा कापायला हरकत नाही, घालायला आहे. याच अलेक्झांडरने वाइल्डचं दिवाळं निघाल्यावर या नाटकाचे हक्क विकत घेतले आणि पुढे मृत्युपत्रात ते वाइल्डच्या धाकट्या मुलाला देऊन टाकले. जाहिरातींवरून नाव पुसणाराही हाच बरं का, त्यामुळे या माणसाला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी लग्नाचे फोटो काढतो. एक गिऱ्हाईक म्हणतं, कॅमेऱ्याने काढले, तुमचा कसला आलाय हक्क. याचं उत्तर देता का? तुमचा विषय वाइल्ड आहे माहितीये, पण विचारून ठेवतो. (एक वाचक, सातारा)

अहो तुमचा प्रश्न वाइल्डशीच जाऊन भिडतो! १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनी या फोटोग्राफरने त्याचे फोटो काढले, मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, रेशमी मोजे, हातावर डोकं टेकून बसलेला, तुम्ही बघितलेच असतील कारण आजही वाइल्ड म्हटलं की तेच येतात. एका छपाई कंपनीने त्यातल्या एकाच्या ८५ हजार प्रती छापल्या. सॅरोनी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं तुमच्या गिऱ्हाइकाचंच, यंत्राने काढलं त्याला लेखक कसला. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोझ, कपडे, उजेड, चेहऱ्यावरचा भाव हे सगळं सॅरोनीने घडवलं, म्हणून तो फोटोचा कर्ता. आता एआयने काढलेल्या चित्राचा कर्ता कोण या अमेरिकेतल्या वादातही याच निकालाचा हवाला देतात.

पण हुरळून जाऊ नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकच असतो. पुढच्या सीझनला बुकिंगच्या कागदावरच एक ओळ टाकून घ्या.

मुलाला नववीच्या इंग्रजीत 'द हॅपी प्रिन्स' होता, वाचताना मीच रडले. हा तोच का विनोदी नाटकवाला? (एक वाचक, नागपूर)

तोच. १८८८ चं पुस्तक, त्याची मुलं तेव्हा अगदी लहान होती. सोन्याने मढवलेला पुतळा आणि त्याच्यासाठी थंडीत मागे राहिलेला पक्षी. त्याच पुस्तकातला 'सेल्फिश जायंट'ही वाचा, मोठ्याने, पण शेवटच्या पानाला आवाज सांभाळा, त्याच्या थोरल्या मुलाने एकदा बाबांच्या डोळ्यांत पाणी का येतं असं विचारलं होतं. आणि विनोद नाही असं समजू नका, पुतळ्यात सौंदर्य उरलं नाही म्हणजे तो उपयोगी राहिला नाही हे सांगणारा कलेचा प्राध्यापक आणि नव्या पुतळ्यावरून भांडणारे नगरसेवक आहेत त्यात. आपल्याला नगरसेवक ओळखायला वेळ लागत नाही.

जुलैत पॅरिसला चाललोय, त्याच्या कबरीला लिपस्टिक लावून किस करतात म्हणे? (एक वाचक, ठाणे)

करायचे. पेर लाशेझ स्मशानभूमी, जेकब एप्स्टाइनने कोरलेला पंखवाला भला मोठा दगड. लिपस्टिकमधलं तेल दगडात मुरून तो खराब व्हायला लागला म्हणून २०११ मध्ये भोवती काच लावली, आता लोक काचेला किस करतात. गांबेटा मेट्रोला उतरा, जवळ पडतं. चालायचे बूट घाला, आतल्या वाटा दगडी आहेत.

शेरलॉक होम्स आणि वाइल्डचा काही संबंध आहे का? मुलगी म्हणते आहे, मी म्हणतो नाही. (एक वाचक, सोलापूर)

मुलगी बरोबर. ३० ऑगस्ट १८८९ ला लंडनच्या लँगहॅम हॉटेलात लिपिनकॉट्स या अमेरिकन मासिकाच्या संपादकाने दोघांना जेवायला बोलावलं, होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल आणि वाइल्ड. त्या जेवणातून मासिकाला दोन कादंबऱ्या मिळाल्या, डॉइलची होम्सवरची 'द साइन ऑफ फोर' आणि वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'. डॉइलने आठवणींत ती संध्याकाळ सोन्यासारखी होती असं लिहिलंय, वाइल्डने त्याची आधीची कादंबरी वाचलेली होती आणि तिचं भरभरून कौतुक केलं याचंच त्याला अप्रूप वाटलेलं. 'साइन ऑफ फोर'मध्ये थॅडियस शोल्टो नावाचं एक पात्र येतं, गालिचे, चित्रं, हुक्का आणि नुसती बडबड, ते वाचा दोघं मिळून आणि तो कुणावरून उतरवलाय असं वाटतं ते मला कळवा.